१०० सीसीच्या बाईकलाही एबीएस? जालन्याच्या रस्त्यांवर त्याने नेमकं काय बदलेल

जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एका नियमाचा मसुदा काढला. १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला, मग तिचं इंजिन १०० सीसीचं असो की ४०० सीसीचं, एबीएस लावावं लागेल असं त्यात म्हटलंय. शिवाय गाडीबरोबर बीआयएस मार्कची दोन हेल्मेट द्यावी लागतील. मसुदा म्हणजे अंतिम नियम नव्हे. त्यावर हरकती मागवल्या गेल्या, आणि दुचाकी कंपन्यांचा आक्षेप अपेक्षित तिथेच आहे: खर्च वाढेल आणि मुदत कमी आहे.

ही बातमी पुण्या-मुंबईपेक्षा जालन्यासारख्या जिल्ह्यात जास्त लागू पडते. सकाळी अंबड चौफुलीवर किंवा भोकरदन नाक्यावर दहा मिनिटं उभे राहून बघा. समोरून जाणाऱ्या बाईकमध्ये स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाईन यांचीच गर्दी दिसेल. दुधाची कॅन, खताची गोणी, मागे बायको आणि मध्ये लेकरू, सगळं याच गाड्यांवर. आणि आजच्या नियमात नेमक्या याच गाड्या एबीएसमधून सुटलेल्या आहेत. २०१८-१९ पासून लागू झालेली सक्ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना आहे. त्याखालच्या गाडीला सीबीएस चालतं. सीबीएस आणि एबीएस ही दोन अक्षरं सारखी दिसतात म्हणून बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतात. तसं नाहीये, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "एबीएस असेल तर गाडी जागच्या जागी थांबते" असं शोरूममध्ये सर्रास ऐकायला मिळतं, रील्समध्येही तेच. माझ्या मावसभावाने नवी कार घेतली तेव्हा त्यालाही हेच सांगितलं होतं. गाडी जागच्या जागी कधीच थांबत नाही. एबीएसचं काम वेगळं आहे, आणि ते समजायला मोंढ्यात जाऊ.

सोयाबीनचं भरलेलं पोतं फरशीवरून ढकलून बघितलंय का? सुरुवातीला हलता हलत नाही. जोर लावून एकदा का ते घसरायला लागलं की मग पुढे ढकलायला तेवढा जोर लागत नाही. म्हणजे वस्तू जमिनीला धरून असते तेव्हा पकड जास्त असते आणि घसरायला लागली की पकड कमी होते. टायरचंही तेच. चाक फिरत असतं तेव्हा टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी रस्त्याला धरून असतो. तुम्ही करकचून ब्रेक दाबला, चाक फिरायचं थांबलं आणि गाडी मात्र पुढे चाललीये, की टायर घसरणारं पोतं झाला. याला चाक लॉक होणं म्हणतात. अँटिलॉक म्हणजे ते लॉक होऊ न देणं.

लॉक झालेल्या चाकाने दोन नुकसान होतात. ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर लागतं, हे एक. दुसरं त्याहून वाईट: स्टिअरिंग निकामी होतं. फिरणाऱ्या चाकाला दिशा असते, घसरणाऱ्याला नसते. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच जाते, जिकडे आधी चालली होती तिकडे. समोर म्हैस उभी असेल तर म्हशीकडेच.

आता आतली यंत्रणा. कारच्या प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या एका दातेरी किंवा चुंबकीय कड्यावर त्याची नजर असते, आणि चाक किती वेगाने फिरतंय हे तो सतत कळवत असतो. बॉनेटखाली एक कंट्रोल युनिट असतं. चारही चाकांचे आकडे त्याच्याकडे येतात. धावत्या कारचा वेग कितीही जोरात ब्रेक मारला तरी एका ठरावीक दरानेच कमी होऊ शकतो. एखाद्या चाकाचा वेग त्याच्या कितीतरी पट वेगाने शून्याकडे चालला असेल तर अर्थ सरळ आहे: हे चाक लॉक व्हायला आलंय.

मग कंट्रोल युनिट ब्रेक ऑइलच्या नळीतले व्हॉल्व्ह हलवतं. एक व्हॉल्व्ह बंद करून त्या चाकाकडे जाणारा दाब तिथेच अडवतं. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून दाब थोडा सोडतं. चाक पुन्हा फिरायला लागलं की दाब परत वाढवतं. सोडलेलं ऑइल एक छोटा पंप मागे ढकलतो. हे सगळं एका सेकंदात अनेकदा, दहा-पंधरा वेळाही होऊ शकतं. तुमचा पाय मात्र पूर्ण वेळ एकाच ताकदीने पेडलवर असतो. जुने ड्रायव्हर ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडा थोडा दाबून-सोडून मारायचे, ते तंत्र चांगलंच होतं. पण माणसाचा पाय सेकंदाला दहा वेळा हलत नाही, आणि चारपैकी एकाच चाकाचा ब्रेक सोडणं तर त्याला शक्यच नाही.

यात एक बारकावा मला स्वतःला फार आवडतो. सर्वात जास्त पकड पूर्ण फिरणाऱ्या चाकाला नसते आणि पूर्ण थांबलेल्याही नसते. चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी वेगाने फिरत असतं तेव्हा डांबरावर पकड सगळ्यात जास्त मिळते. एबीएसची सगळी धडपड चाकाला त्या अरुंद पट्ट्यात ठेवण्यासाठी चाललेली असते.

ही कल्पना विमानांकडून आली. लँडिंगच्या वेळी चाकं लॉक होऊन टायर फाटू नयेत म्हणून डनलॉप कंपनीची मॅक्सारेट नावाची यंत्रणा १९५० च्या दशकात वापरात होती. कारमध्ये आज आपण ओळखतो तसं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने आणलं, एस-क्लास गाडीत. मोटरसायकलवर ते १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने दिलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे, म्हणजे एकेकाळी फक्त एस-क्लासला मिळणारी गोष्ट आज साध्या अल्टोमध्येही असते.

पेडल थरथरलं की पाय काढू नका

कार चालवणाऱ्यांसाठी या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. एबीएस काम करायला लागलं की पेडल पायाखाली धडधडतं, खालून कर्रर्र असा आवाज येतो. तो पंप आणि व्हॉल्व्हचा आवाज असतो. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला वाटतं की काहीतरी तुटलं, आणि तो दचकून पाय उचलतो. नेमक्या त्याच क्षणी ब्रेक सुटतो. करायचं उलटं आहे: पाय पूर्ण दाबून ठेवा, आणि अडथळा चुकवायला स्टिअरिंग वळवा. ते वळवता यावं म्हणूनच तर हे सगळं आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवायला हवं, पण आपल्याकडे आठ काढायला शिकवतात आणि लायसन्स हातात देतात.

कुणी अनुभव घ्यायचा म्हणत असेल तर रिकाम्या मैदानाशेजारचा मोकळा, ओला डांबरी तुकडा, मागे कुणी नाही याची खात्री, सगळ्यांना सीटबेल्ट, वेग ताशी ३०, आणि मग एकदम पूर्ण ब्रेक. थरथर एकदा पायाला कळली की आयुष्यभर लक्षात राहते.

डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएस दिवाही बघायची सवय लावा. चावी फिरवली की तो पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. विझला नाही तर साधा ब्रेक चालू आहे पण एबीएस बंद आहे असं समजा. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल सेन्सरपाशी जाऊन बसतो आणि दिवा पेटतो, असं मंठा चौफुलीकडचा माझ्या ओळखीचा मेकॅनिक सांगतो. बऱ्याचदा साफसफाईनेच काम होतं म्हणे. जुनी कार घेत असाल तर एक उलट तपासणीही करा: चावी फिरवल्यावर तो दिवा पेटतच नसेल तर संशय घ्या. बिघाड लपवायला दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

समृद्धीवर एबीएस किती पुरतं?

जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारची वेगमर्यादा ताशी १२०. आता थोडं गणित करू, दहावीच्या विज्ञानाइतकंच.

ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर ३३ मीटर ब्रेक न लागताच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगले टायर आणि चालू एबीएस धरून, साधारण ७० मीटर. एकूण शंभरच्या थोडं पुढे, म्हणजे क्रिकेटच्या पाच पिच एकापुढे एक ठेवा. ओल्या रस्त्यावर तीच बेरीज १४५ मीटरच्या आसपास जाते, सात पिच. याच गाडीचा वेग ताशी ६० असेल तर ओल्या रस्त्यावरही ४५ मीटरच्या आसपास भागतं. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. एबीएस भौतिकशास्त्र बदलत नाही, टायरला रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढी वाया न घालवता वापरतं, बस.

म्हणून टायर गुळगुळीत झाला असेल तर एबीएस काय वापरणार? त्याच्याकडे वापरायला पकडच उरलेली नसते. समृद्धीच्या एंट्रीला आरटीओवाले टायर तपासतात तेव्हा अनेकांना तो छळ वाटतो. मला तरी ती तपासणी एबीएसइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि काही अपघातांत एबीएसला संधीच नसते. जून २०२४ च्या अखेरीस जालना जिल्ह्यात कडवंचीजवळ समृद्धीवर दोन कारची रात्री भीषण धडक झाली आणि अनेकांचा जीव गेला. एक कार चुकीच्या दिशेने महामार्गावर आल्याचं तेव्हा समोर आलं होतं. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचं अंतर सेकंदाला साठ-पासष्ट मीटरने कमी होत असतं. तिथे कोणतंही ब्रेक-तंत्रज्ञान पुरं पडत नाही. एबीएसवर लिहिताना हे सांगणं मला भाग वाटतं, कारण सुरक्षेचं फीचर असलेली गाडी घेतली की रस्त्याचे नियम थोडे सैल करता येतात अशी एक छुपी भावना आपल्यात असते.

बाईकवर गोष्ट वेगळी आहे

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. बाईकवाल्यांचं जग म्हणजे जालना-अंबड, भोकरदन, जाफराबाद, परतूर, घनसावंगीकडचे रस्ते. इथे एबीएसचा हिशोब कारपेक्षा जास्त गंभीर आहे.

कारचं चाक लॉक झालं तर कार घसरते, पण चार चाकांवर उभी राहते. बाईकचं पुढचं चाक लॉक झालं तर बाईक अर्ध्या सेकंदात आडवी होऊ शकते. म्हणून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच शिकवण दिली जाते: "पुढचा ब्रेक मारू नको, पडशील." भीती खरी आहे, पण तिची किंमत मोठी आहे. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. फक्त मागच्या ब्रेकवर थांबायचं म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद वापरायचीच नाही. घाबरून वापरला नाही तर गाडी थांबत नाही, घाबरून एकदम दाबला तर गाडी पडते. पुढच्या चाकावरचं एबीएस हा पेच सोडवतं: बिनधास्त दाबा, चाक लॉक होणार नाही.

सीबीएस हे करत नाही. त्यात तुम्ही मागचा ब्रेक मारला की थोडा पुढचाही आपोआप लागतो. पुढचा ब्रेक न वापरण्याच्या सवयीवर तो उतारा आहे, आणि तेवढ्यापुरता चांगलाही आहे. पण त्यात सेन्सर नाही, कंट्रोल युनिट नाही. चाक लॉक होतंय की नाही हे त्याला कळतच नाही.

आता आपले रस्ते डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचे पट्टे सोडत जातो. त्यावर भुरभुर पाऊस पडला की ते साबण लावल्यासारखे होतात. दिवाळीनंतर अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, रात्रीच्या अंधारात, बऱ्याचदा मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. ट्रॉली दिसते तेव्हा ती वीस-पंचवीस मीटरवर आलेली असते. अशा वेळी माणूस विचार करून ब्रेक मारत नाही. हातात येईल तेवढ्या ताकदीने आवळतो. एबीएस त्याच क्षणासाठी आहे.

देशाचा आकडाही बघा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. एवढं असूनही रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारा गाडीचा वर्ग नियमातून बाहेर राहिला, तो किमतीमुळे.

किमतीचा मुद्दा खोटा नाही. स्वस्त बाईकला पुढे केबलवर चालणारा ड्रम ब्रेक असतो. एबीएसला ऑइलच्या दाबावर चालणारा ब्रेक लागतो, म्हणजे व्यवहारात पुढे डिस्क आली, मास्टर सिलिंडर आला, सेन्सर आणि युनिट आलं. काही हजार रुपये वाढणारच. कापसाला भाव नसलेल्या वर्षी ते जड जातात हे मला सांगायला नको. पण हे अशक्य नाही हे बजाजने दाखवलंय: डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ११० सीसीची प्लॅटिना एबीएससह बाजारात आणली होती. दुचाकीचे ब्रेक आणि एबीएस बनवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनीही आपल्या शेजारची, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची. जालन्यातल्या गाड्यांचं एबीएस जालन्याहून दीड-दोन तासांवर बनू शकतं. लाखोंच्या संख्येने बनायला लागलं की सुट्या भागांची किंमत उतरते, हे आपण मोबाईलच्या बाबतीत बघितलंच आहे.

माझं मत विचाराल तर नियम यायला हवा, मुदत थोडी पुढे गेली तरी चालेल. पण खर्च कमी करण्यासाठी "१२५ च्या खाली सीबीएसच राहू द्या" ही जुनी सूट परत मिळू नये. अंतिम अधिसूचना येईल तेव्हा मी पहिल्यांदा तेच शोधणार आहे.

मर्यादाही लक्षात ठेवा. स्वस्त गाड्यांवर येईल ते बहुधा सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक तरीही लॉक होऊन शेपटासारखं हलू शकतं. साधं एबीएस वळणावर झुकलेल्या बाईकला सावरत नाही, ब्रेक वळणाच्या आधीच संपवायचा. सुट्या खडीवर आणि मुरमावर तर एबीएसवाली गाडी थोडी जास्त अंतर घेते, कारण लॉक झालेलं चाक खडीत रुतून समोर ढीग जमवतं आणि तो ढीगच गाडीला अडवतो, फिरतं चाक मात्र त्यावरून पुढे जातं. रस्त्याचं काम चालू असलेल्या ठिकाणी हा फरक जाणवेल.

राहिला प्रश्न दसऱ्याचा. सोयाबीन विकून नवी गाडी घ्यायची की नियमाची वाट बघायची? गाडीची आज गरज असेल तर थांबू नका, पण शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा. पुढे डिस्क आहे का? एबीएस आहे की सीबीएस, हे ब्रोशरवर दाखवा. आणि एबीएस असेल तर सिंगल चॅनल की ड्युअल? "सीबीएस म्हणजे तेच हो" असं उत्तर आलं तर हा लेख फोनवर उघडून त्याच्यासमोर धरा. ड्रम ब्रेकचीच गाडी घ्यावी लागली तर रिकाम्या रस्त्यावर ताशी २०-३० च्या वेगात पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत मारायचा सराव आठवडाभर करा. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा, आणि रात्री अंबड रोडला वेग चाळीसच्या आत ठेवा.